टॉरंटवर तुमचा आयपी कोण टिपतं, कसं टिपतं, आणि जर्मनीत ते पत्र आलं तर काय करायचं

जर्मनीतल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सेमिस्टरला एक फोटो पडतोच. आठ-दहा पानी जर्मन पत्र, वर वकिलांचं लेटरहेड, मध्ये कुठल्यातरी हॉलिवूड सिनेमाचं नाव, तारीख, सेकंदासकट वेळ, एक आयपी ॲड्रेस म्हणजे नेट कनेक्शनचा पत्ता, आणि शेवटी हजार युरोच्या आसपासचा आकडा. मग खाली सल्ल्यांचा पाऊस, एक म्हणतो फ्रॉड आहे फाडून टाक, दुसरा म्हणतो गुपचूप भर नाहीतर व्हिसाचं काही खरं नाही, तिसरा म्हणतो लॅपटॉप हॅक केला असणार त्यांनी. तिघांचंही ऐकू नका. पत्र बहुतेक वेळा खरंच असतं, व्हिसाशी थेट संबंध नसतो कारण मामला दिवाणी आहे आणि पाठवणारे पोलीस नसून वकील आहेत, आणि हॅकिंग तर कुणीच केलेलं नसतं, त्याची गरजच पडत नाही.

टॉरंटवरून सिनेमा उतरवल्याबद्दल येणाऱ्या ह्या इशाऱ्याच्या पत्राला इकडे आबमानुंग म्हणतात. आपल्याकडे असलं काही घरी येत नाही त्यामुळे नवीन आलेल्याला सवय नसते. भारतात कॉपीराइटवाले साइटच्या मागे लागतात, कोर्टातून ऑर्डर आणून साइट ब्लॉक करवतात, 2019 साली दिल्ली हायकोर्टाने तर अशी ऑर्डर दिली की बंद केलेल्या साइटची नवीन मिरर म्हणजे हुबेहूब नक्कल निघाली की तीही त्याच ऑर्डरखाली यादीत घालता येते. जर्मनीत मात्र थेट नेट कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला गाठतात.

आता हे होतं कसं ते समजून घ्यायचं असेल तर वाचत बसण्यापेक्षा स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि शंभर टक्के कायदेशीर आहे. उबुंटू ह्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटवर जा, तिथे तिच्या आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलचं अधिकृत टॉरंट मिळतं, ते क्यूबिटटॉरंट ह्या टॉरंट उतरवायच्या प्रोग्राममध्ये टाका. डाउनलोड सुरू झालं की खाली "पीअर्स" (तीच फाइल देणारे-घेणारे बाकीचे) नावाचा टॅब आहे तो उघडा. झालं, तिथे समोर यादी येईल: देशाचा झेंडा, आयपी ॲड्रेस, पोर्ट, समोरचा कुठला सॉफ्टवेअर वापरतोय, त्याच्याकडे किती टक्के फाइल आहे, तो तुम्हाला किती देतोय आणि तुमच्याकडून किती घेतोय. ह्यातल्या एकालाही तुम्ही ओळखत नाही, कुणाची परवानगी घेतली नाही, कुठलं खास सॉफ्टवेअर नाही. आणि त्यांच्याही स्क्रीनवर ह्या क्षणी तुमचा आयपी असाच दिसतोय. सिनेमाच्या मालकाच्या वतीने टॉरंटवर पाळत ठेवणाऱ्या मॉनिटरिंग कंपनीला जे दिसतं ते मुळात हेच, फक्त ती उबुंटूच्या ऐवजी सिनेमाच्या टॉरंटमध्ये बसलेली असते आणि जे दिसतं ते शिस्तीत लिहून ठेवते.

हे असं उघडं का आहे तर प्रोटोकॉलच तसा आहे. 2001 मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटॉरंट लिहिलं तेव्हा प्रश्न एवढाच होता की मोठी फाइल एकाच सर्व्हरवर ताण न देता हजारो लोकांना कशी द्यायची, लपून काम करायचं हा हेतूच नव्हता. टॉरंट म्हणजे अशी पंगत जिथे प्रत्येक जेवणारा वाढपीसुद्धा असतो, मग कोण कुठे बसलाय हे सगळ्यांना कळल्याशिवाय वाढणार कसं. म्हणून तुम्ही टॉरंट सुरू केलं की तुमचा क्लायंट, म्हणजे क्यूबिटटॉरंटसारखा प्रोग्राम, पहिली गोष्ट काय करतो तर ट्रॅकरला, म्हणजे पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला, जाऊन सांगतो, मी अमुक आयपीवर, अमुक पोर्टवर आहे, मला ही फाइल हवीय. ट्रॅकर बदल्यात बाकीच्यांची यादी देतो, साधारण 50 पत्ते एका वेळी. ट्रॅकर नसला तरी डीएचटी आहे, म्हणजे तीच यादी सगळ्या क्लायंटमध्ये विखरून ठेवलेली, मॅग्नेट लिंक (टॉरंटची फाइल न उतरवता नुसत्या लिंकवर टॉरंट सुरू करणं) चालते ती ह्याच्याच जोरावर, आणि त्याशिवाय पीअर्स एकमेकांनाही आपापल्या ओळखीचे पत्ते देत असतात. तीन दरवाजे आहेत आणि तिन्हींना कुलूप नाही.

ही फाइल म्हणजे नेमकी कुठली, ते ठरतं इन्फोहॅशवरून, म्हणजे टॉरंटच्या माहितीवरून काढलेल्या ठशावरून. जुन्या पद्धतीच्या टॉरंटमध्ये हा 40 अक्षरांचा आकडा असतो, क्यूबिटटॉरंटमध्ये जनरल टॅबवर दिसेल. आत एक बिट जरी बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळे दोन माणसांकडे एकच हॅश म्हणजे दोघं एकाच मालाच्या मागे आहेत. आबमानुंगच्या पत्रात सिनेमाच्या नावाजवळ जी अगम्य अक्षरांची ओळ असते ती बहुधा हीच.

आता कंपनी काय करते ते क्रमाने सांगतो. आधी ती टॉरंट साइटवरून एखाद्या सिनेमाची वेगवेगळी टॉरंटं गोळा करते, पूर्ण फाइल स्वतः उतरवते आणि चालवून बघते की आत खरंच तोच सिनेमा आहे का, कारण नावं काहीही दिलेली असतात आणि कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. खात्री झाली की तो इन्फोहॅश पाळतीच्या यादीत जातो. मग ट्रॅकर आणि डीएचटीकडून पत्ते मागत राहायचे. इथपर्यंत जे हातात आलं त्याला इनडायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात, आणि इथेच जे थांबतात ते पुढे तोंडावर पडतात.

त्याचा किस्सा भारी आहे. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ट्रॅकरला सांगताना स्वतःऐवजी दुसऱ्याचाच आयपी सांगता येतो, काही ट्रॅकर तो तसाच यादीत घालतात. त्यांनी आपल्याच विद्यापीठातल्या प्रिंटरचे आयपी घातले. थोड्याच दिवसात प्रिंटरच्या नावाने कॉपीराइटच्या नोटिसा आल्या. म्हणजे नोटीस पाठवणाऱ्याने फक्त यादी वाचली होती, त्या पत्त्यावर खरंच कोणी फाइल देतंय का हे दार ठोठावून बघितलंच नव्हतं.

म्हणून आता जे नीट करतात ते डायरेक्ट जातात. यादीतल्या प्रत्येक आयपीला स्वतः कनेक्ट करायचं, हँडशेक म्हणजे सुरुवातीची ओळखदेख करायची, हँडशेकमध्ये समोरचा तोच इन्फोहॅश आणि आपला पीअर आयडी परत पाठवतो, त्या आयडीच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून क्लायंटचं नाव आणि व्हर्जनसुद्धा कळतं. लगेच पाठोपाठ बिटफील्ड येतो, म्हणजे माझ्याकडे फाइलचे कुठले कुठले तुकडे आहेत त्याचा नकाशा. हे तुमचा क्लायंट कुणी न विचारता स्वतःहून सांगतो बरं का. मग कंपनी एखादा तुकडा मागते, मागणी 16 केबीच्या ठोकळ्यांत जाते, तुकडा पूर्ण आला की त्याचा हॅश टॉरंटमधल्या हॅशशी जुळवायचा. जुळला, म्हणजे ह्या आयपीवरून ह्या क्षणी ह्याच सिनेमाचा भाग बाहेर गेला हे पक्कं. सगळी नेटवर्क पॅकेट्स साठवून ठेवायची आणि घड्याळ अचूक वेळेच्या सर्व्हरशी जुळवलेलं ठेवायचं.

इथे एक शंका हुशार माणसाला येतेच, की कंपनी स्वतः काही अपलोड करत नसेल तर बाकीचे तिला तुकडे देतातच का, बिटटॉरंट तर देणाऱ्याला देतं ना. बरोबर, पण नवीन आलेल्याकडे सुरुवातीला काहीच नसतं, त्याला संधी मिळावी म्हणून क्लायंट ठरावीक वेळाने, साधारण 30 सेकंदांनी, कुणालातरी असंच फुकट देऊन बघतो, ह्याला ऑप्टिमिस्टिक अनचोक म्हणतात. आणि ज्याची फाइल पूर्ण झालीय तो सीडर तर परतफेडीची अपेक्षाच करत नाही. त्या फटीतून मॉनिटर आपला तुकडा घेतो. स्वतः सिनेमा वाटायचा मात्र नाही, कारण मालकाच्याच माणसाने वाटला तर मग चोरी कसली असा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

किती लवकर पकडतात? 2012 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या टीमने मोजलं होतं, लोकप्रिय फाइल असेल तर साधारण तीन तासांच्या आत मॉनिटर तुमच्याशी कनेक्ट होतो. त्यामुळे रात्री लावलं आणि सकाळी बंद केलं, कुणाला कळतंय, हा हिशोब चुकतो. जुना कोपऱ्यातला सिनेमा असेल तर तिकडे पाळत कमी असते, पैसा नवीन आणि गाजणाऱ्या मालात आहे.

आणि हो, "मी अपलोड स्पीड शून्य केला होता" हे प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच. क्यूबिटटॉरंटमध्ये अपलोडची मर्यादा 0 ठेवली की त्याचा अर्थ अमर्याद होतो! 1 ठेवली तरी हळू का होईना तुकडे जातातच. आणि थोडंच गेलं म्हणूनही सुटका नाही, कारण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने, बीजीएचने, डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की दिलेला तुकडा एकटा चालवता येत नसला तरी हरकत नाही, सगळे मिळून फाइल वाटतायत आणि तुम्ही त्यात सामील आहात. जून 2021 मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने बेल्जियमहून आलेल्या प्रकरणात जवळपास हीच लाइन धरली, वर हेही म्हटलं की मालकाच्या वतीने असे आयपी पद्धतशीर गोळा करणं चालतं, फक्त त्याचा गैरवापर नको.

एवढं होऊनही कंपनीच्या हातात असतो फक्त एक आयपी आणि एक वेळ. नाव नाही, पत्ता नाही. नाव असतं नेट कंपनीकडे, आणि जर्मनीत ते असंच मागून मिळत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम 101 प्रमाणे न्यायाधीशाची परवानगी लागते, ही वाट 1 सप्टेंबर 2008 पासून सुरू झाली. ड्यॉयचे टेलिकॉमचं मुख्यालय बॉनला, म्हणून तिच्या ग्राहकांचे अर्ज जवळच्या कोलोनच्या लांडगेरिष्टात म्हणजे तिथल्या विभागीय कोर्टात जातात आणि एकेका अर्जात भरपूर आयपी एकत्र असतात. घाई असते, कारण त्या वेळी तो आयपी कोणाकडे होता ही नोंद टेलिकॉमसारख्या कंपन्या साधारण सात दिवसच ठेवतात, म्हणून आधी "हे पुसू नका" अशी ऑर्डर घेतात आणि मग नाव. घरच्या कनेक्शनचा आयपी बदलत राहतो, त्यामुळे वेळेत तासाची चूक झाली, समजा उन्हाळी-हिवाळी वेळेचा घोळ, तर भलत्याच घरी पत्र जाऊ शकतं. पत्रातली वेळ पहिली बघा म्हणतो ते ह्यासाठी.

कोर्ट सगळं बारकाईने तपासतं असंही समजू नका. डिसेंबर 2013 मध्ये इथे हजारो लोकांना एका पॉर्न साइटवर व्हिडिओ बघितल्याबद्दल आबमानुंग गेले. ती साधी स्ट्रीमिंग साइट, तिथे बघणाऱ्याचा आयपी तिसऱ्याला दिसायचं कारणच नाही. पण अर्ज अशा भाषेत होता की कोलोनच्या न्यायाधीशांना ते फाइल शेअरिंगच वाटलं आणि नावं देऊन टाकली. जानेवारी 2014 मध्ये त्याच कोर्टाने मान्य केलं की परवानगी द्यायला नको होती. तोवर घाबरून पैसे भरणाऱ्यांनी भरलेही होते.

तर पत्र आलंच तर. मी वकील नाही, हे आधी सांगतो, पण पहिल्या दिवशी काय करायचं ते एवढं.

पाकीट कधी मिळालं ती तारीख त्याच्यावरच लिहा. मुदत छोटी असते, बऱ्याचदा आठवडा-दीड आठवडा, आणि जर्मन वाचता येत नाही म्हणून कपाटावर ठेवण्यात ती निघून जाते. ईमेलने झिप फाइल जोडून आली असेल तर उघडू नका, ह्या नावाने व्हायरस पाठवण्याचा धंदा जुना आहे, खरं पत्र जवळजवळ नेहमी पोस्टाने येतं.

मग पत्रात चार गोष्टी शोधा. हक्क कोणाचा आहे त्याचं नाव, नेमकं काय केलं म्हणतायत, पैशात नुकसानभरपाई किती आणि वकिलाची फी किती ते वेगवेगळं, आणि सोबतच्या हमीपत्रात मूळ तक्रारीपेक्षा जास्त काही लिहून घेतायत का. कलम 97ए प्रमाणे हे सगळं पत्रात असावंच लागतं. त्याच कलमात 2013 पासून घरगुती माणसासाठी एक लगाम आहे, पहिल्यांदाच असेल तर वकिलाची फी 1000 युरोच्या दाव्यावरच मोजायची, म्हणजे फीचा भाग शे-दोनशे युरोंच्या आसपास राहतो. मोठा आकडा असतो तो नुकसानभरपाईचा, आणि घासाघीस होते ती तिथेच.

सोबतचं हमीपत्र तसंच सही करून पाठवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यात बऱ्याचदा "हो मीच केलं" आणि "मागितलेले पैसे देतो" हे दोन्ही गुपचूप घातलेलं असतं, शिवाय ती सही म्हणजे करार, तो वर्षानुवर्षं बांधून ठेवतो आणि पुन्हा तेच सापडलं तर दंड हजारांच्या घरात. पण काहीच न पाठवणं हाही उपाय नाही, मग ते कोर्टातून तातडीची मनाई आणू शकतात आणि त्याचा खर्च मूळ मागणीपेक्षा जास्त होतो. मधला रस्ता म्हणजे बदललेलं हमीपत्र, गुन्हा कबूल न करता फक्त "पुढे हे करणार नाही" एवढंच. तेही द्यायचं का हे परिस्थितीवर आहे, तुम्ही केलंच नसेल तर वेगळं, म्हणून ते लिहायला जाणकार लागतो. फेरब्राउखरत्सेंट्राले म्हणजे इकडची ग्राहक सल्ला केंद्रं, ती कमी पैशात बघून देतात. उत्पन्न कमी असेल तर राहता त्या भागातल्या आमट्सगेरिष्टात म्हणजे स्थानिक कोर्टात जाऊन बेराटुंग्सहिल्फेचं (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या कायदेशीर सल्ला मदतीचं) पत्र मागा, ते मिळालं तर वकिलाला फक्त 15 युरो द्यावे लागतात. कायदेशीर विमा असेल तर पॉलिसी वाचून घ्या, कॉपीराइट बऱ्याच पॉलिसींतून वगळलेला असतो. आणि त्या वकिलाच्या ऑफिसला स्वतः फोन करून मोकळेपणाने गप्पा मारू नका, "अहो मी नाही, माझ्या रूममेटने केलं असेल" हे वाक्यही तिकडे नोंदवलं जातं.

रूममेटवरून आठवलं, शेअर्ड फ्लॅटमध्ये पत्र येतं ते नेट ज्याच्या नावावर त्याला, करणारा कुणीही असो. कोर्ट सुरुवातीला धरून चालतं की त्यानेच केलं. हे खोडायचं तर त्या वेळी अजून कोणाकोणाला हे नेट वापरता येत होतं ते नावानिशी आणि पटेल असं सांगावं लागतं, "वायफाय आहे, कुणीही वापरलं असेल" एवढ्याने भागत नाही. पण घरातल्या सज्ञान पाहुण्यांवर किंवा फ्लॅटमेट्सवर पाळत ठेवायची किंवा त्यांना आधीच बजावून ठेवायची जबाबदारी मात्र, संशयाला कारण नसेल तर, तुमची नाही, मे 2016 मध्ये बीजीएचने हे स्पष्ट केलं, त्या प्रकरणात भाची आणि तिचा जोडीदार पाहुणे म्हणून आले होते. उलट मार्च 2017 च्या प्रकरणात आईवडिलांना माहीत होतं की मुलांपैकी कोणी केलंय, त्यांनी नाव सांगायला नकार दिला, तर पैसे त्यांच्यावरच आले. म्हणजे माहीत नसणं चालतं, माहीत असून गप्प बसणं महागात पडतं. आणि खोटी कहाणी रचू नका, कोर्टात त्याच वाक्यावर उलटतपासणी होते.

पैसे भरले नाहीत, पुढे काही महिने आठवणीची पत्रं येत राहिली, की लोक म्हणतात बघ काही होत नाही. होऊ शकतं. माहनबेशाइड नावाचं कोर्टाचं पैसे भरा सांगणारं पत्र आलं तर तिथे हयगय नको, ते देताना कोर्टाने मागणी खरी की खोटी हे बघितलेलंच नसतं, पण दोन आठवड्यांत सोबतच्या फॉर्मवर हरकत नोंदवली नाही तर वसुलीचा रस्ता मोकळा होतो. वकिलाच्या फीसाठी तीन वर्षं, भरपाईसाठी त्याहून खूप जास्त काळ दावा जिवंत राहतो, म्हणून घर बदललं तरी पत्रांची फाइल टाकून देऊ नका.

फ्रान्सवाल्या मित्रांचा ह्यावरून गोंधळ होतो म्हणून सांगतो, तिकडे आयपी टिपायची पद्धत तीच, पण इशारा सरकारी संस्थेकडून येतो, आधी आदोपी नावाची होती, 2022 पासून आर्कोम, आणि पहिल्या पत्रात पैसे मागत नाहीत. तो अनुभव जर्मनीला लावू नका.

शेवटी दोन जागा जिथे टॉरंट लावलं नाही असं शपथेवर सांगणारी मुलंही सापडतात. एक, पॉपकॉर्न टाइमसारखी ॲप्स. दिसायला नेटफ्लिक्स, प्ले दाबलं की सिनेमा सुरू, पण आत बिटटॉरंटच चालतं आणि बघता बघता तुम्ही वाटत असता. दुसरं, भारतातून आणलेला लॅपटॉप. त्यात जुना क्लायंट विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो आणि दोन वर्षांपूर्वी उतरवलेले सिनेमे इथल्या वायफायला जोडल्या जोडल्या सीड करायला म्हणजे वाटायला लागतो. विमानात बसायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब उघडा, यूटॉरंट किंवा क्यूबिटटॉरंट दिसतंय का बघा, बंद करा, मग क्लायंट उघडून यादीतली सगळी जुनी टॉरंटं काढून टाका. नुसती फोल्डरमधली फाइल डिलीट केली तर क्लायंट काही वेळा ती पुन्हा उतरवायला घेतो, म्हणून काढायचं ते यादीतून.